खुलासा: ‘स्टारड्यू व्हॅली’ कुणावर लग्न लादत नाही

सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम मुलांना समलिंगी लग्न करायला लावतो, आणि हे नवीनच फॅड आहे. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

२०१६च्या या गेममध्ये लग्नासाठी १२ पात्रं आहेत, ६ पुरुष आणि ६ स्त्रिया. आपलं पात्र स्त्री असो वा पुरुष, बाराही जणांशी लग्न जमू शकतं. पण आपोआप काहीच जुळत नाही. भेटवस्तू देत, बोलत मैत्रीची ८ हृदयं भरायची, मग गेममधल्या पिएरच्या दुकानातून पुष्पगुच्छ आणून त्या व्यक्तीला द्यायचा, तेव्हा कुठे प्रेम सुरू होतं. गुच्छ दिलाच नाही, तर तासगावकरांसारखी द्राक्षं पिकवत खुशाल एकटं राहा.

नवीन म्हणाल, तर ‘फॉलआउट २’ या गेममध्ये समलिंगी लग्न १९९८ सालीच होतं.

मुलगा गेममध्ये बाई होऊन खेळतो, याचीही काळजी मेसेजमध्ये आहे. अहो, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत! आणि ज्या मुलाला आपल्यासारखं प्रेम आजूबाजूला कुठेच दिसत नाही, त्याच्यासाठी गेममधला समलिंगी लग्नाचा हा पर्याय फार मोलाचा आहे.