खुलासा : ‘पाच व्होल्टच आहेत, रेझिस्टर कशाला?’

जुनं आर्केड कॅबिनेट (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं कपाट) दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: नाणं टाकायच्या दारातला बल्ब काढा, त्याच वायरींना एलईडी जोडा, तिथे पाच व्होल्टच येतात, रेझिस्टर (करंटला आवर घालणारा भाग) लागत नाही. हे चूक आहे.

बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे तो आपला करंट आपणच आवरतो. एलईडीला ते जमत नाही. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. ५ मधले उरलेले ३ कुठेतरी जिरवायलाच हवेत. करंट २० मिलिअँपिअर धरला तर त्यासाठी १५० ओहमचा रेझिस्टर लागतो. मी २२०चा लावतो, उजेड भरपूर मिळतो. (तो प्लसच्याच पायाला हवा, हीसुद्धा अफवाच. कुठल्याही पायाला चालतो.)

खरी गोम पुढे आहे. कित्येक जुन्या कॅबिनेटांत या दिव्यांना डीसी नव्हे, ६.३ व्होल्ट एसी येतो. ४७ नंबरचा बल्ब त्यासाठीचाच. एसीचं शिखर जवळपास ९ व्होल्ट, आणि एलईडी उलट्या दिशेने बहुधा ५च सोसतो. तिथे ४७०चा रेझिस्टर घ्या आणि एलईडीला समांतर, उलट्या तोंडाने १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, म्हणजे उलटा करंट त्यातून जाईल आणि एलईडी वाचेल. थोडी लुकलुक दिसेल, ती चालायचीच.

सोल्डरिंग गन तापवण्याआधी बल्बच्या होल्डरवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा, एसी आणि डीसी दोन्हींवर.