टाकी, मीठ आणि मासा एकाच बिलावर

खाऱ्या पाण्याची पहिलीच टाकी घेणाऱ्या माणसाला टाकी, मीठ आणि मासे एकाच दिवशी, एकाच बिलावर विकणे ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि ती सर्रास चालते याचा मला मनस्वी संताप येतो. पाणी माशांसाठी तयार व्हायला किती दिवस लागतात, असे मी स्पष्ट शब्दांत विचारले होते. मीठ विरघळवा, फिल्टर रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी मासे सोडा, असे उत्तर मिळाले. विकणाऱ्याला खरे उत्तर ठाऊक नव्हते, हे मी मानायला तयार नाही, कारण रोज सागरी मासे जगवून ठेवणारा माणूस याबाबत अनभिज्ञ असूच शकत नाही.

खरे उत्तर साधारण चार ते सहा आठवडे असे आहे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. खडकांवर, वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यातही सागरी टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास ठेवावा लागत असल्याने अमोनियाचा अधिक मोठा भाग विषारी रूपात राहतो. म्हणजे गोड्या पाण्यात जे एखाद्या वेळी निभावून जाते, ते इथे निभावत नाही. एवढी माहिती सांगायला दोन मिनिटे पुरतात, पण ती सांगितली की त्या दिवशी मासा विकला जात नाही.

परिणाम काय होतो, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. क्लाउनफिशची जोडी काही दिवसांतच पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन थांबली, कल्ले जोरजोरात हलू लागले आणि खाणे समोर तरंगत असूनही त्यांनी तोंड लावले नाही. अमोनियाच्या चाचणीच्या नळीतले पाणी पिवळे राहायला हवे होते, ते गडद हिरवे झाले. दुकानात जाऊन हे सांगितले, तर मासे मुळातच नाजूक असतात असे ऐकवण्यात आले आणि लगेच जिवाणूंची बाटली व आणखी एक मासा पुढे करण्यात आला. बाटलीतले जिवाणू काही वेळा खरोखर उपयोगी पडतात, हे मी नाकारत नाही. पण तीच बाटली रिकाम्या टाकीत घालून अमोनिया उतरेपर्यंत थांबा, असे पहिल्याच दिवशी का सांगितले गेले नाही?

मोजमापाच्या साधनांबाबतही हाच निष्काळजीपणा आहे. नवख्याच्या हाती हलत्या काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर दिला जातो. त्या काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटले की पाण्याचा खारेपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. विशिष्ट घनता, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत टाकीतल्या पाण्याची घनता, १.०२५ च्या आसपास राखायची असते आणि त्यासाठी नीट जुळवून घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा मोजणारे साधन) हवा, हे नंतर स्वतः शोधून काढावे लागते. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागेच राहते, म्हणून रोजची तूट खाऱ्या नव्हे तर शुद्ध गोड्या पाण्याने भरून काढायची, हेही कोणी आपणहून सांगत नाही.

मात्र सर्वांत जास्त चीड येते ती नवख्याच्या गळ्यात कोणते जीव मारले जातात, ते पाहून. मँडरिन मासा दिसायला विलक्षण सुंदर असतो, पण तो मुख्यतः खडकांवर वाढणारे सूक्ष्म जिवंत कवचधारी जीव टिपून खातो. नव्या टाकीत ते नसतात आणि तो मासा आठवडेच्या आठवडे उपाशी राहून खंगत जातो. ब्लू टँग हा मासा बोटाएवढा असताना विकला जातो, पण तो वाढून ३० सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकतो, याचा उल्लेखही होत नाही. क्लाउनफिशला सोबत हवीच म्हणून सी-अ‍ॅनिमोनी (फुलासारखा दिसणारा एक सागरी प्राणी) दिली जाते. वास्तविक टाकीतल्या क्लाउनफिशला तिची गरज नसते. तिला मात्र प्रखर प्रकाश आणि कित्येक महिने स्थिरावलेली टाकी लागते, आणि ती मेली तर अख्ख्या टाकीचे पाणी नासवू शकते. सागरी माशांपैकी बहुतेक जाती आजही प्रवाळखडकांवरून पकडून आणल्या जातात. इतका प्रवास सोसून आलेला जीव अमोनियाने भरलेल्या पाण्यात सोडायला सांगणे हे क्रौर्य आहे, आणि वर हा छंद प्रत्येकाला जमत नाही असे ग्राहकालाच सुनावणे हा निर्लज्जपणा आहे.

मासा पिशवीत भरण्याआधी, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आहेत का, एवढा एक प्रश्न प्रत्येक विक्रेत्याने विचारलाच पाहिजे. उत्तर नकारार्थी असेल तर त्याने मीठ विकावे, खडक विकावेत, चाचणीचा संच विकावा, पण त्या दिवशी मासा विकू नये.