कॉलेज सोडल्याने कंपनी उभी राहत नाही

गेल्या काही महिन्यांपासून एक लांबलचक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जगातल्या मोठ्या कंपन्या बिल गेट्स, स्टीव्ह जॉब्स यांच्यासारख्या कॉलेज अर्धवट सोडलेल्या विशीतल्या मुलांनी गॅरेजमध्ये उभ्या केल्या, कल्पना दमदार असली की पुरे, नोकरीतला अनुभव माणसाला भित्रा करतो, सरकारचा आणि विद्यापीठांचा यात काडीचाही वाटा नाही, आणि हे आपल्याकडेही जमते, कारण इन्फोसिस अवघ्या १०,००० रुपयांत उभी राहिली. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने हाच संदेश आईवडिलांपुढे ठेवून कॉलेज सोडण्याची परवानगी मागितली आहे. त्यामुळे त्या संदेशाचा समाचार घेणे भाग पडले.

यातला सर्वांत घातक मुद्दा वयाचा आणि अनुभवाचा आहे. पिअर अझुले, बेंजामिन जोन्स, डॅनियल किम आणि हाविएर मिरांडा या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला आणि २०२० मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. २००७ ते २०१४ या काळात अमेरिकेत कंपनी काढून निदान एका माणसाला नोकरीवर ठेवणाऱ्या सुमारे २७ लाख संस्थापकांच्या सरकारी नोंदी त्यांनी तपासल्या. संस्थापकांचे सरासरी वय निघाले ४२ वर्षे. सर्वाधिक वेगाने वाढलेल्या, म्हणजे हजारात एक अशा कंपन्या वेगळ्या काढल्या, तर ते ४५ वर्षे भरले. ज्या धंद्यात कंपनी काढायची त्याच धंद्यात निदान ३ वर्षे काम केलेल्या संस्थापकाला मोठे यश मिळण्याची शक्यता, असा अनुभव नसलेल्यापेक्षा ८५ टक्क्यांनी अधिक आढळली. ही आकडेवारी अमेरिकेची आहे, हे खरे. पण संदेशातली बहुतेक नावेही अमेरिकेचीच आहेत.

हे असे का होते, ते समजायला भोसरी किंवा चाकणमधल्या एखाद्या लघुउद्योजकाशी तासभर बोलावे. सुट्या भागाची नवी, स्वस्त रचना सुचणे ही पहिली पायरी झाली. त्यानंतर मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात कोटेशन द्यायचे, नमुना मंजूर करून घ्यायचा, गुणवत्ता तपासणीतून पार पडायचे, ऑर्डर हाती आल्यावर पोलाद रोखीने उचलायचे, कामगारांचा पगार महिन्याच्या महिन्याला चुकता करायचा आणि बिलाच्या पैशांची वाट पाहायची. लघुउद्योगांची बिले ४५ दिवसांत चुकती करावीत असे कायदा सांगतो, तरी वसुलीसाठी खेटे घालावे लागतात. कितीतरी चांगल्या कल्पना या खेळत्या भांडवलाच्या फेऱ्यात सापडून संपतात. कोणते गिऱ्हाईक पैसे थकवते, कोणता पुरवठादार उधारीवर माल देतो आणि नमुना कोणत्या कारणाने परत येतो, हे ज्ञान त्या धंद्यात राबूनच मिळते. त्याला भित्रेपणा म्हणणे हा अनुभवी माणसांवर अन्याय आहे.

संदेशात दिलेली नावेसुद्धा त्याच्या बाजूने साक्ष देत नाहीत. बिल गेट्स यांच्या हाती शाळेतच, १९६८ मध्ये, संगणक आला होता. १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्ट निघाली तेव्हा त्यांच्या गाठीशी प्रोग्रॅमिंगची सात वर्षे होती. ॲपलचा पहिला संगणक रचणारे स्टीव्ह वॉझ्नियाक तेव्हा ह्यूलेट-पॅकार्डमध्ये अभियंता होते. कंपनीला भांडवल आणि शिस्त दिली ती इंटेलमध्ये काम केलेल्या माइक मार्कुला यांनी, आणि जून २००७ मध्ये आयफोन विक्रीला आला तेव्हा स्टीव्ह जॉब्स ५२ वर्षांचे होते. शिवाय कॉलेज सोडून ज्यांचे काहीच झाले नाही, त्यांची यादी असा संदेश लिहिणारे कधीच करत नाहीत.

विशीत जबाबदाऱ्या कमी असतात आणि म्हणून जोखीम पेलते, एवढे मात्र मान्य करावे लागेल. परंतु ती मोकळीक पदवी घेतल्यानंतरच्या वर्षांतही शिल्लक असते.

कल्पना असली की पुरे, हा दावा तर एका उदाहरणात कोसळतो. सीटी स्कॅनर ब्रिटनमधल्या ईएमआय कंपनीत गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी घडवला आणि १९७१ मध्ये त्यावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. रुग्णालयांना यंत्रे विकण्याचे, त्यांच्या दुरुस्तीचे आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे जाळे मात्र जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांकडे होते, आणि बाजार त्यांनी नेला. १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी आर्थिक अडचणीत आलेली ईएमआय थॉर्न कंपनीत विलीन झाली आणि पुढे स्कॅनरच्या धंद्यातूनही बाहेर पडली.

सरकारचा आणि विद्यापीठांचा वाटा नाही, असे म्हणणाऱ्याने गूगलकडे पाहावे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांचे मूळ संशोधन स्टॅनफर्डमध्ये, अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानातून पोसलेल्या प्रकल्पात सुरू झाले. पेजरँकचे, म्हणजे वेबपानांचे महत्त्व ठरवून शोधाचे निकाल लावण्याच्या त्यांच्या पद्धतीचे, पेटंट स्टॅनफर्डच्या मालकीचे होते. त्याच्या परवान्याच्या बदल्यात मिळालेले शेअर विकून विद्यापीठाला पुढे ३३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. ज्या गॅरेजचे एवढे कौतुक होते, ते या सगळ्यानंतर आले. आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात नवउद्योगांना हात देणारे व्हेंचर सेंटर आहे, आणि जैवतंत्रज्ञानातली कल्पना पडताळून पाहण्यासाठी केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेची ५० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची योजना आहे. सरकारी कामातली दिरंगाई मी नाकारत नाही, पण दिरंगाई म्हणजे अनुपस्थिती नव्हे.

राहिली इन्फोसिस. सुधा मूर्ती यांनी पती नारायण मूर्ती यांना दिलेले १०,००० रुपये खरे आहेत. अर्धवट आहे ती पुढची गोष्ट. १९८१ मध्ये पुण्यात ही कंपनी काढणारे सातही जण पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स या संगणक कंपनीतून आलेले अभियंते होते. नारायण मूर्ती ३४ वर्षांचे होते, सॉफ्ट्रॉनिक्स ही त्यांची आधीची कंपनी चालली नव्हती आणि पटनीमध्ये ते सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख होते. स्वतःचा संगणक नसल्यामुळे सुरुवातीचे काम अमेरिकेतल्या ग्राहकाच्या जागेवर जाऊन करावे लागले, आणि तो संगणक यायला १९८३ साल उजाडले. सुरुवातीची ती वर्षे रेटून नेली ती आधीच्या नोकरीत कमावलेल्या कौशल्याने आणि ओळखींनी, आणि नेमका तोच भाग त्या संदेशातून गाळला आहे.