भाऊ, बिलाचं तुमचं बरोबर, पण...

नमस्कार भाऊ, कमेंट दोनदा वाचली. बंद खाणीत भाजीपाला पिकवायचं मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता की इथं पंपाला रात्रीची लाइन मिळते अन् तुम्ही जमिनीखाली दिवे लावून पालक काढणार, विजेचं बिल कोण भरणार, शिवाय खाणीत गॅस, आधी इकडे येऊन बघा. इकडे म्हणजे कुठं हो, मी वणीकडचाच आहे, बाबांची अर्धी नोकरी कोळशाच्या अंडरग्राउंड खाणीत गेली.

बिलाचं मान्य, तो हिशोब मी लेखात मांडलाच नाही, चूक माझी. एका चौरस मीटरला १५० वॅटचे एलईडी १६ तास धरले तर रोजचे २.४ युनिट, म्हणजे एकराला दिवसाला साडेनऊ हजार युनिटच्या वर! पालकाचं स्वप्न मागे घेतो. कॅनडात फ्लिन फ्लॉनच्या खाणीत २००० सालच्या सरकारी कंत्राटावर औषधी गांजा घेतला, पण ते पीकच एवढं महाग की दिवे परवडले.

मशरूमचं मात्र तसं नाही, त्याला उजेड नावापुरताच लागतो. पॅरिसच्या चुनखडीच्या जुन्या खाणींत १९व्या शतकापासून बटन मशरूम काढतात. पण तेही इथं जसंच्या तसं चालणार नाही, कारण खोल जमिनीचं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, अन् आपल्याकडे ती सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे. बटनला १४ ते १८ लागतं. बाबा मे महिन्यात शिफ्टवरून आले की शर्ट पिळून काढावा इतका ओला, म्हणायचे, "खाली थंड नसतं रे, दमट असतं." आता ढिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूमला २० ते ३० चालतं अन् मिल्की म्हणजे दुधी मशरूमला तर ३०-३५ पर्यंत, म्हणजे हा दमटपणाच कामाचा. मी घरी कोठीत सोयाबीनच्या कुटारावर ढिंगरी लावली होती, फेब्रुवारीपर्यंत मस्त, एप्रिलमध्ये ओले पोते, कूलर सगळं करूनही पिशव्या पिवळ्या पडून वाया गेल्या. वर ४५ असताना खाली एकसारखं २८ मिळणं, माझा सगळा जीव त्यात अडकलाय, दिव्यांत नाही.

गॅसचं तं तुम्ही कमीच लिहिलं. कोळशात मिथेन आहे, उरलेला कोळसा आपोआप तापून पेटतो, अन् छत! बाबा काठीनं छत ठोकायचे, पोकळ आवाज आला की सगळे मागे. पंप बंद केला की खाण पाण्यानं भरते ते वेगळंच. म्हणून कोळशाचा नाद सोडा, मँगनीजची खाण बघावी, तिथं दगड कठीण अन् मिथेनची भानगड नाही. हवा मात्र खेळती ठेवावीच लागेल, मशरूमही कार्बन डायऑक्साइड सोडतं.

नागपूर जिल्ह्यातल्या मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणींकडे तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? काम संपलेल्या एखाद्या भुयारात परवानगीनं थर्मामीटर ठेवायचाय, मे महिन्याच्या आत.