तंबूत स्टोव्ह नको म्हणजे नको

पाऊस सुरू झाला की ट्रेकच्या ग्रुपवर तंबूतल्या चहाचे फोटो यायला लागतात. बाहेर धुकं, आत निळी ज्योत, वर टोप. फोटो सुरेख असतो, पण बघून माझ्या पोटात गोळा येतो. गॅसच्या छोट्या स्टोव्हला माझा विरोध नाही. गडावर सरपणासाठी झाडं तोडण्यापेक्षा तो कितीतरी बरा. पण तंबूच्या आत तो पेटवायचा नाही. चेन अर्धी उघडी ठेवूनही नाही.

लोकांना भीती वाटते ती तंबू पेटण्याची. ती रास्तच आहे, नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. पण मला जास्त धास्ती आहे कार्बन मोनॉक्साइडची. कोंडलेल्या जागेत हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि हा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला धरून बसतं. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. दिवसभर गड चढून आलेल्या माणसाला यात वेगळं काय वाटणार? दमलोय म्हणतो आणि आडवा होतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक असेच गेले, त्यात चार मुलं. थंडी म्हणून खोलीत गॅस हीटर लावलेला, दारं-खिडक्या बंद. तंबू तर खोलीपेक्षा किती लहान!

मग पावसात करायचं काय? दोन बाजू मोकळ्या ठेवून ताडपत्री बांधा आणि तिच्याखाली रांधा. नाहीतर सरळ गावात जेवा. राजमाचीच्या उधेवाडीत, हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत घरोघरी गरम पिठलं-भाकरी मिळते, आणि चार पैसे गावात राहतात.

स्टोव्हला जोडायचा गॅसचा डबा बदलतानाही घाई नको. आधी ज्योत पूर्ण विझवा, नॉब बंद करा, आसपास कुणाची सिगारेट पेटलेली नाही ना बघा. स्टोव्हच्या तोंडाशी रबराची बारीक रिंग असते, ती चिरलेली दिसली तर तो स्टोव्ह त्या दिवशी वापरू नका. डबा हातानेच सरळ फिरवत बसवा आणि कान द्या. फुस्स आवाज थांबला नाही तर जोडावर साबणाचं पाणी लावा, गळती असेल तिथे बुडबुडे येतात. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली खड्ड्यात साचून राहतो. वारा अडवायला स्टोव्हभोवती चारही बाजूंनी पत्रा लावू नका, डबा तापतो आणि फुटू शकतो. घरच्या सिलेंडरमधून भरून विकलेले डबे तर फुकट मिळाले तरी घेऊ नका. त्या गॅसचा दाब या पातळ डब्यांना झेपेलच असं नाही.

हिमालयात जाणाऱ्यांना कळकळीची विनंती, डबे रेल्वेने नेऊ नका. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला पर्यटकांच्या रेल्वेडब्यात लपवून आणलेल्या सिलेंडरमुळे आग लागली, नऊ जण गेले. मनालीत पोचल्यावर विकत घ्या आणि ब्युटेन आणि प्रोपेन या दोन इंधन-वायूंचं मिश्रण असलेलाच डबा मागा, कारण नुसतं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायलाच तयार नसतं. गारठलेला डबा दुसऱ्या ज्योतीवर शेकणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं कुणालाही करू देऊ नका. थोडा वेळ जॅकेटच्या आत अंगाशी धरला की पुरतं.