आमच्या ऋण्यांस

उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं झाली. पहिलाच उद्गार, "हे बापा, त्यांना क्षमा कर," आणि मला चार वर्षांपूर्वीचा मार्च आठवला.

दिंडोरीजवळ आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. त्या हंगामात एका व्यापाऱ्याने माल उचलला, थोडे रोख दिले आणि उरलेल्या पावणेचार लाखांचा चेक दिला. तो वटला नाही. फोन बंद. सोसायटीचं कर्ज, औषध दुकानाची उधारी, खरड छाटणीची मजुरी, सगळं एकदम अंगावर आलं. नाशिक जिल्ह्यात हे कुणाला नवीन नाही. मी आणि धाकट्या भावाने त्याचं घर शोधून काढलं. चार पोरं, एक पिकअप, रात्रीची वेळ ठरली. पैसे मिळणार नाहीत हे कळत होतं. आम्हाला त्याला घाबरलेला बघायचं होतं.

पप्पांना कुणकुण लागली. ओरडले नाहीत. जेवणाआधी मला प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली, म्हणायला लावली. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे माझा आवाज अडकला. पप्पा म्हणाले, "पुढचं म्हण बघू."

म्हणता येईना. ऋणी म्हणजे अपराधी, असं संडे स्कूलमध्ये शिकलो होतो. इथे खराखुरा देणेकरी होता. आणि शब्द आहेत "सोडले आहे". आधी आपण सोडायचं, मगच आपलं ऋण सोड असं देवाकडे मागायचं.

आम्ही नाशिकच्या शरणपूर रोडवर वाढलो. जुन्या करारात सहा शरणपुरं आहेत. हातून चुकून कुणाचा जीव गेला, तर सूड घेणाऱ्यापासून वाचायला माणसाने तिथे पळायचं. आमच्या पत्त्यातच हे नाव होतं, आणि मी त्याच पत्त्यावरून सूड घ्यायला निघालो होतो.

क्षमा हे दुबळ्यांचं काम, असं मित्र म्हणतात. त्यांना मी सिस्टर राणी मारियांबद्दल सांगतो. मध्य प्रदेशात आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवायचं काम त्या करत. १९९५ साली त्यांना बसमधून जाताना भोसकून मारलं. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधून आली. हे दुबळ्याचं काम असेल तर मला तेवढं दुबळं होता येत नाही.

क्षमा म्हणजे तक्रार मागे घेणं नव्हे, हेही ठासून सांगतो. पप्पांनी १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस टाकली. तो उद्या दुसऱ्या शेतकऱ्याला बुडवेल, तर आमचं गप्प बसणंही त्यात धरलं जाईल. सोडायचं होतं ते त्याचं वाटोळं व्हावं ही इच्छा. ती एकदा सोडून जात नाही. दर हंगामात, क्रेट भरताना, परत येते. परत सोडावी लागते. किती वेळा क्षमा करायची, यावर येशूने दिलेलं उत्तर, "साताच्या सत्तर वेळा", हे मला बागेतच कळलं.

मागच्या तारखेला तो कोर्टाच्या आवारात एकटाच उभा होता. पप्पांनी त्याला चहाला बोलावलं. तो आला नाही. पप्पांनी तरी तीन कप सांगितले.