दुबचेकची सही

प्रागला वेन्सेस्लास चौकाच्या वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयाच्या शेजारी एक चमत्कारिक इमारत आहे. खाली जुन्या शेअर बाजाराची दगडी वास्तू आणि तिच्या डोक्यावर काच-पोलादाची अवाढव्य पेटी. माझी लेक वर बघून म्हणाली, "बाबा, वरचा मजला अनधिकृत आहे का?" पुण्यात वाढलेलं पोर, दुसरं काय सुचणार!

ही चेकोस्लोव्हाकियाची संघीय संसद. १९६९ ते १९९२, आयुष्य चोवीस वर्षांचं. अध्यक्षांच्या यादीत एकच नाव दोनदा येतं: अलेक्झांडर दुबचेक.

दुबचेक म्हटलं की आपल्याला आठवतं ते १९६८, प्रागचा वसंत, म्हणजे या कम्युनिस्ट पुढाऱ्याने देशात आणलेली मोकळीक, आणि ती चिरडायला आलेले सोव्हिएत रणगाडे. तिथे डोळे पाणावतात आणि गोष्ट संपते. मला पुढच्या वर्षाबद्दल बोलायचंय.

एप्रिल १९६९ मध्ये त्याचं कम्युनिस्ट पक्षाचं प्रथम सचिवपद, म्हणजे खरी सत्ता, गेली आणि त्याला संसदेच्या अध्यक्षपदावर बसवलं. नकोशा पुढाऱ्याला राज्यपाल करतात ना, तसंच. मान मोठा, हातात काही नाही. फक्त सही तेवढी लागायची. ऑगस्टमध्ये सोव्हिएत आक्रमणाला वर्ष झालं म्हणून लोक रस्त्यावर आले. प्राग आणि ब्रनोत गोळीबार झाला, माणसं मेली. २२ ऑगस्टला संसदेच्या अध्यक्षमंडळाने वटहुकूम काढला, क्रमांक ९९/१९६९. तीन आठवडे कोठडीत ठेवा, नोकरीवरून काढा, एकट्या न्यायाधीशाने झटपट खटला उरका. लोक त्याला म्हणाले 'दंडुक्याचा कायदा'. खाली सह्या तीन: राष्ट्राध्यक्ष स्वोबोदा, पंतप्रधान चेर्निक आणि दुबचेक.

दबाव होता, मान्य. पण राजीनामा देता आला असता की! ऑक्टोबरात खुर्ची गेलीच. मग तुर्कस्तानात राजदूत, मग पक्षातून हकालपट्टी, मग ब्रातिस्लाव्हात वनखात्यात नोकरी. सही करून मिळाले जेमतेम दोन महिने.

१९७१ पासून संसदेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत आलोईस इंद्रा. १९६८ मध्ये ज्या पाच जणांनी सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हला 'मदतीला या' असं पत्र लिहिलं, त्यांतला एक. ते पत्र ब्रातिस्लाव्हात चक्क पुरुषांच्या स्वच्छतागृहात हातोहात दिलं गेलं होतं. हा गृहस्थ अठरा वर्षं अध्यक्ष! त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की हात वर व्हायचे आणि खाली यायचे.

मग कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि आला २८ डिसेंबर १९८९. दुबचेक पुन्हा त्याच खुर्चीत, आणि दुसऱ्याच दिवशी राजवटीचा विरोधक, नाटककार हावेल राष्ट्राध्यक्ष. एकमताने, हं! मतं देणारे बरेचसे इंद्राच्या काळातलेच खासदार. हात तेच, वर करायची दिशा बदलली.

गंमत पुढे आहे. संसदेच्या दोन सभागृहांपैकी एक 'राष्ट्रांचं'; त्यात ७५ चेक, ७५ स्लोव्हाक. घटना बदलायची तर दोन्ही गटांत वेगवेगळे तीन-पंचमांश हवेत. म्हणजे एका गटातले ३१ जण अडून बसले की सगळं ठप्प. वीस वर्षं हा नियम कुणाला टोचला नाही, कारण निर्णय पक्ष करायचा. खरी मतदानं सुरू झाली आणि नियम जिवंत झाला. १९९० मध्ये देशाच्या नावात 'चेको' आणि 'स्लोव्हाकिया' यांच्यामध्ये जोडरेघ हवी की नको यावर ही संसद भांडत होती. आपण हसतो, पण स्लोव्हाकांना ती रेघ म्हणजे बरोबरीचा हिस्सा वाटत होती, आणि मला त्यांचं फारसं चुकलं असं वाटत नाही.

जून १९९२ च्या निवडणुकीनंतर दुबचेकची खुर्ची मिखाल कोवाचकडे गेली. १ सप्टेंबरला हमरस्त्यावर दुबचेकच्या गाडीला अपघात झाला, ७ नोव्हेंबरला तो गेला. २५ नोव्हेंबरला चेक आणि स्लोव्हाक असे दोन देश करणारा फाळणीचा कायदा मंजूर झाला. तो असता तर देश टिकला असता, असं म्हणणारे भेटतात. मला नाही पटत. बाकावर बसून, एक खासदार म्हणून बघत राहिला असता. सही मात्र या वेळी त्याच्याकडे कुणी मागितली नसती.